ऑनलाइन मागवलेले ऑर्किड : आधी मूळ पाहावे, मग फूल

“रोज पाणी देतो आहे, तरी पाने सुरकुतत चालली आहेत. पाणी आणखी वाढवू का?” ऑर्किडची रोपे नुकतीच घरपोच मागवलेल्या शेतकऱ्यांकडून विस्तार कार्यकर्त्यांना हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा प्रश्नाच्या उलट दिशेला असते. रोपाला पाणी कमी पडते आहे म्हणूनच पाने सुरकुतली, हे खरे. पण कुंडीत पाणी नाही म्हणून ते कमी पडत नसून, पाणी शोषणारी मुळे कुजली आहेत म्हणून कमी पडते आहे. अशा रोपाला जितके पाणी वाढवावे तितकी कूज वाढते आणि पाने अधिकच लोळतात. तीन-चार आठवड्यांत रोप संपते आणि दोष कुरिअरच्या किंवा रोपवाटिकेच्या माथी जातो.

सिक्कीम, कालिम्पाँग, आसाम आणि केरळ येथील रोपवाटिका आता देशभर रोपे पाठवतात. थायलंडमधून आणलेली संकरित रोपेही आयातदारांमार्फत मिळतात. कुंडीतल्या दोन-चार रोपांचा छंद म्हणून सुरू झालेली ही खरेदी आता शेडनेटमध्ये फुलांचे उत्पादन घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली आहे. छंदिष्टाचे एक रोप गेले तर हळहळ वाटते. दोनशे रोपांची मागणी चुकीच्या जातीची, चुकीच्या हंगामात किंवा रोगट निघाली तर मात्र भांडवलाबरोबर दोन-तीन वर्षेही वाया जातात, कारण ऑर्किडमध्ये चूक लक्षात येईपर्यंत तेवढा काळ उलटलेला असतो. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी काय पाहावे आणि खोके हाती आल्यावर पहिल्या दीड महिन्यात काय करावे, एवढ्यापुरताच हा पाठ मर्यादित ठेवला आहे.

ऑर्किडचे मूळ वेगळे का

व्यापारात येणारी बहुतेक ऑर्किडे (मराठीत आमरी) निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यामुळे ग्रामीण भागात त्यांना सरसकट बांडगूळ म्हटले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे. बांडगूळ यजमान झाडात मुळे खुपसून त्याचा रस घेते. आमरी केवळ आधारासाठी फांदी धरते आणि पाऊस, दव व सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा यांवर जगते. शास्त्रीय परिभाषेत तिला अपिवनस्पती म्हणतात.

या जीवनक्रमामुळे तिच्या मुळांभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे जाड आवरण तयार झाले आहे. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना ते रुपेरी पांढरे दिसते. पाण्याचा स्पर्श होताच काही क्षणांत पाणी शोषून पारदर्शक होते आणि आतला हिरवा थर दिसू लागतो. सरीमागून सरी येतात, मध्ये वारा वाहतो, दुपारपर्यंत मुळे पुन्हा कोरडी होतात: अशा ओल्या-कोरड्या फेऱ्यांची या मुळांना सवय असते. सतत ओले राहिलेले व्हेलामेन हवा अडवते, आतील जिवंत मूळ गुदमरते आणि मग बुरशी आपले काम करते. मूळ रुपेरी दिसले की पाणी द्यावे, हिरवे असेपर्यंत थांबावे. कोणत्याही वेळापत्रकापेक्षा ही खूण विश्वासार्ह आहे. फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात त्यामागे हेही एक कारण आहे, त्यामुळे ‘चांगली दिसत नाही’ म्हणून ती कुंडी फेकू नये.

आणखी एक बाब लक्षात ठेवावी. जाड पानांची ऑर्किडे, विशेषतः फॅलेनॉप्सिस, पानांवरील रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. त्यामुळे त्यांच्यातून दिवसा पाणी कमी उडते आणि प्रवासात आठवडाभर अंधाऱ्या खोक्यात राहूनही ती तग धरतात. निरोगी ऑर्किड बहुधा प्रवासात मरत नाही. त्याला धोका असतो तो प्रवासातल्या उष्णतेचा किंवा कडाक्याच्या थंडीचा, आणि त्याहून जास्त खोके उघडल्यानंतरच्या घाईचा.

छायाचित्रावरून जात निवडू नये

विक्रेत्याच्या पानावर फुलाचे छायाचित्र असते; ते फूल कोणत्या हवामानात उमलले हे त्यात दिसत नाही. सिंबिडियम हे याचे ठळक उदाहरण. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात हे व्यापारी महत्त्वाचे पीक आहे, कारण फुलदांडे येण्यासाठी त्याला १० ते १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरणाऱ्या थंड रात्री सलग अनेक आठवडे मिळाव्या लागतात. नागपूर, सोलापूर किंवा विजयवाड्यात तेच रोप जगते, भरघोस पानेही काढते, पण फुलत नाही. मालक मात्र दरवर्षी खत बदलून पाहत राहतो.

कोकण, गोवा, केरळ आणि एकूणच उष्ण दमट किनारी पट्ट्यासाठी डेंड्रोबियमचे संकर, व्हँडा आणि मोकारा ही निवड सर्वांत सोपी. पठारी प्रदेशात डेंड्रोबियम घेता येते. मात्र मार्च ते मे या काळात हवेतील आर्द्रता टिकवण्याची व्यवस्था नसेल तर त्याची वाढ थांबते. व्हँडाची मुळे टोपलीतून उघडी लोंबत असतात. त्याला कोरड्या हवेत दिवसातून दोनदाही पाणी द्यावे लागते. ज्यांना तेवढा वेळ किंवा फॉगरची सोय नाही, त्यांनी पठारी भागात व्हँडाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फॅलेनॉप्सिसला १८ ते ३० अंशांच्या दरम्यानचे तापमान आणि १० ते १५ हजार लक्सइतकाच प्रकाश हवा असतो. आपल्याकडे भर दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या आसपास जाते. ७५ टक्के सावलीच्या जाळीखालीही सुमारे २५ हजार लक्स उरतात. म्हणजे फॅलेनॉप्सिससाठी एकच जाळी पुरत नाही. पुणे, नाशिक किंवा बंगळुरूच्या घरात पूर्वेकडील खिडकीशी ते छान राहते. व्यापारी लागवडीसाठी मात्र तापमान-नियंत्रित हरितगृह लागते. कारण दिवस-रात्रीचे तापमान काही आठवडे २५ अंशांच्या खाली राहिल्याशिवाय त्याला खात्रीने दांडे येत नाहीत.

नव्या उत्पादकाने सुरुवात डेंड्रोबियमने करावी. ‘सोनिया’ हे जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे वाण फूलबाजारात सर्वपरिचित आहे. मात्र त्या नावाखाली अनेक निवडी विकल्या जातात, म्हणून केवळ ‘सोनिया’ एवढ्यावर न थांबता निवडीचा क्रमांक विचारून घ्यावा.

मागणी नोंदवण्यापूर्वीचे प्रश्न

पहिला प्रश्न रोपाच्या वयाचा. प्रयोगशाळेच्या बाटलीतून नुकतेच काढलेले रोप, दोन इंची कुंडीतील रोप आणि फुलण्याच्या आकाराचे रोप यांच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि तो योग्यच असतो. बाटलीतून काढलेल्या रोपाला फूल येण्यास साधारण दोन ते तीन वर्षे लागतात व पहिल्या काही महिन्यांत मरही जास्त होते. संरक्षित, दमट जागा तयार नसेल तर बाटलीतील रोपे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. डेंड्रोबियमच्या बाबतीत ‘रोप किती इंची कुंडीत आहे’ याऐवजी ‘पूर्ण वाढलेली कांडी किती आणि नवा फुटवा आहे का’ असे विचारावे. किमान दोन पक्व कांडी आणि एक फुटवा असलेले रोप लवकर सावरते.

दुसरा प्रश्न मुळांचा. जे रोप पाठवणार त्याचे, किंवा त्याच तुकडीतील रोपाचे, कुंडीतून काढलेल्या अवस्थेतील छायाचित्र मागावे. चांगला विक्रेता ते आनंदाने पाठवतो. फक्त फुलांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाठवणाऱ्याकडून घेऊ नये. माध्यमाशिवाय, उघड्या मुळांनी पाठवलेले रोप पाहून अनेकांना ते उपेक्षित वाटते. प्रत्यक्षात पाठवण्याची तीच उत्तम पद्धत आहे. वजन कमी, माध्यमात ओल कोंडत नाही आणि मुळांची स्थिती लपत नाही.

तिसरा प्रश्न नावाचा. ऑर्किडच्या संकरांची आंतरराष्ट्रीय नोंदणी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे होते आणि तिची सूची संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. विक्रेत्याने दिलेले नाव त्या सूचीत तपासण्यास पाच मिनिटे लागतात. ‘मिश्र रंग’, ‘दुर्मीळ काळे’, ‘इंद्रधनुषी’ अशा नावांखाली विकले जाणारे काहीही विकत घेऊ नये. गर्द निळे फॅलेनॉप्सिस तर बहुधा पांढऱ्या फुलाच्या दांड्यात रंग टोचून तयार केलेले असते. पुढच्या बहरात तेच रोप पांढरी फुले देते.

ऑर्किडच्या बियांची पाकिटेही विक्रीस दिसतात. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते आणि त्यात रोपासाठी अन्नसाठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीच्या साहचर्यानेच ते रुजते. बुरशीशिवाय, साखर व क्षार असलेल्या निर्जंतुक माध्यमात ते रुजवता येते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले आणि आजचा ऑर्किड उद्योग त्याच पायावर उभा आहे. कुंडीत बी पेरून ऑर्किड उगवेल, असे सांगणारा विक्रेता एक तर अज्ञ असतो किंवा लबाड.

चौथी गोष्ट कायद्याची आहे, आणि ती केवळ कागदापुरती नाही. ‘जंगली ऑर्किड’, ‘डोंगरातून थेट’ अशा शब्दांत विकली जाणारी रोपे बहुधा झाडांवरून ओरबाडलेली असतात. सह्याद्रीत जिला सीतेची वेणी म्हणतात, तीच आमरी आसामात कोपौ फूल म्हणून बिहूच्या दिवसांत केसांत माळली जाते. अशा जातींच्या फांद्याच्या फांद्या तोडून विकल्याने त्यांचे अधिवास ओस पडतात. शिवाय ओरबाडताना मुळे तुटलेली असल्याने ग्राहकाच्या घरीही ती क्वचितच तगतात. निळा व्हँडा, लाल व्हँडा आणि पॅफिओपेडिलम म्हणजे लेडीज स्लिपर ही ऑर्किडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. परवान्याशिवाय त्यांची लागवड वा व्यापार करता येत नाही. संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येते. परदेशी संकेतस्थळावरून थेट रोपे मागवण्यासाठी वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. या कागदांशिवाय टपालाने येणारे पुडके अडवले जाऊ शकते. त्यातून सुटून आलेच, तर नवी कीड किंवा विषाणू देशात येण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

मोठ्या मागणीसाठी ऊतिसंवर्धित रोपेच घ्यावीत. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण प्रणाली सुरू केली. प्रयोगशाळा त्या प्रणालीखाली मान्यताप्राप्त आहे का आणि मातृवृक्षांची विषाणू तपासणी झाली आहे का, हे लेखी विचारावे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र १९९६ पासून सिक्कीममधील पाक्योंग येथे कार्यरत आहे. जातींच्या निवडीबाबत शंका असेल तर तेथे किंवा आपल्या राज्याच्या कृषी विद्यापीठात आधी विचारणा करावी.

मागवण्याचा हंगाम

कुरिअरच्या बंद गाडीत एप्रिल-मे महिन्यांत तापमान बाहेरच्यापेक्षाही वर जाते. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गोदामात पडून राहिलेल्या फॅलेनॉप्सिसच्या पानांवर खोलगट, पाणथळ डाग पडतात. ती थंडीची इजा असते आणि ती भरून येत नाही. मुसळधार पावसात पुडके एक-दोन दिवस उशिरा पोहोचले तरी आतली ओल कूज सुरू करते. महाराष्ट्र आणि दक्षिणेसाठी ऑक्टोबर ते मार्चचा पहिला पंधरवडा, तर उत्तरेकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ सोयीचा आहे. त्यातही डेंड्रोबियम फेब्रुवारी-मार्चमध्ये मागवणे मला अधिक योग्य वाटते. लवकरच नवे फुटवे व त्यांची मुळे सुरू होण्याचा काळ येतो आणि रोप स्वतःच्या जोराने माध्यम धरते. पाठवणी सोमवारी किंवा मंगळवारी करण्यास सांगावे, म्हणजे पुडके रविवारच्या सुट्टीत अडकत नाही.

खोके उघडल्यावर

माझे पहिले खोके मेच्या सुरुवातीला आले होते. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बारा डेंड्रोबियम होती, मुळे वाळक्या दोऱ्यांसारखी, कांडी सुरकुतलेली. दया येऊन ती सगळी रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली, सकाळी कोकोपीट भरलेल्या मोठ्या कुंड्यांत लावली, वर खताचे पाणी दिले आणि ‘ऊन मिळावे’ म्हणून गच्चीवर नेऊन ठेवली. जून संपेपर्यंत त्यांतली नऊ कुजून गेली. उरलेली तीन कोणती, तर कुंड्या अपुऱ्या पडल्या म्हणून भिंतीच्या सावलीत विटेवर नुसतीच ठेवून दिलेली. या शिक्षणाची किंमत त्या काळच्या माझ्या पगाराच्या मानाने बरीच होती.

तेव्हापासून पाळत आलेला क्रम असा. खोके सावलीत उघडावे आणि उघडताना सलग चित्रफीत घ्यावी. नुकसानभरपाई मागताना तीच पुरावा ठरते. प्रत्येक रोपाची नावचिठ्ठी तपासून ती रोपालाच बांधावी. मग मुळे पाहावीत. बोटाने हलके दाबल्यावर टणक लागणारे मूळ, मग ते पांढरे असो वा तपकिरी डागांचे, जिवंत समजावे. दाबताच पोकळ लागणारे, ज्याचे आवरण निसटून आत केवळ दोरा उरतो, ते मेलेले. रंगावरून निर्णय करू नये. माध्यमात वाढलेली निरोगी मुळेही पिवळट-तपकिरी असतात. मेलेली मुळे कात्रीने कापावीत. कात्रीचे पाते प्रत्येक रोपानंतर ज्योतीवर तापवून घ्यावे. हे कंटाळवाणे वाटते, पण त्याचे कारण पुढे येईल.

कापणी केली असेल तर रोप दिवसभर सावलीत, हवेशीर जागी तसेच ठेवावे, म्हणजे जखमा सुकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुळे १५ ते २० मिनिटे साध्या पाण्यात बुडवावीत. पाण्यात खत, मध, संजीवके असे काहीही घालू नये. मुळे हिरवी झाली की बाहेर काढून निथळावीत. फॅलेनॉप्सिसच्या शेंड्याच्या वाटीत पाणी साचले असेल तर कागदाने टिपून घ्यावे. तेथून सुरू झालेली कूज दोन-तीन दिवसांत वाढीचा एकमेव शेंडा नासवते.

सुरकुतलेली कांडी आणि थोडी मऊ पडलेली पाने यांची काळजी करू नये. मुळे चांगली असतील तर डेंड्रोबियमची कांडी काही आठवड्यांत भरते. जुन्या कांडीवरील एक-दोन पाने पिवळी पडून गळणेही स्वाभाविक आहे. फुलांसह आलेल्या रोपाच्या कळ्या गळाल्या तर त्यामागे प्रवासाचा ताण, कोरडी हवा किंवा इथिलीन वायू असतो. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष लक्षात घ्यावा. पिकणारी फळे इथिलीन सोडतात, आणि ज्या घरात आंब्याची अढी घातली आहे किंवा केळीचा घड टांगला आहे, त्या खोलीत ऑर्किडच्या कळ्या टिकत नाहीत.

लावणीसाठी कुंडी लहान घ्यावी, मुळे जेमतेम मावतील एवढी. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे ही आपल्याकडे सहज मिळणारी माध्यमे आहेत. पावसाळी किनारी भागात कोळसा व वीट अधिक घ्यावी, कोरड्या पठारावर सोडणाचे प्रमाण वाढवावे. सोडणात क्षार असतात. ते तुकडे तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून मगच वापरावेत. माती कधीही वापरू नये. नुसते बारीक कोकोपीटही नको, कारण ते बसते आणि हवा कोंडते. डेंड्रोबियमचा बुंधा माध्यमावर टेकलेला राहावा, पुरला जाऊ नये. रोप काठीला घट्ट बांधावे. हलणाऱ्या रोपाच्या नव्या मुळांची कोवळी टोके माध्यमावर घासून मोडतात आणि पुढची वाढ खुंटते. घट्ट बांधणे ही बाब क्षुल्लक वाटते, पण ज्या गटांनी ती पाळली त्यांची रोपे लवकर रुजल्याचे मी पाहिले आहे.

फुललेले फॅलेनॉप्सिस कुंडीसह आले असेल तर फुले असेपर्यंत कुंडी बदलू नये. मात्र बहर संपल्यावर मुळांच्या मध्यभागी अवश्य पाहावे. रोपवाटिकेत लहानपणी वापरलेली शेवाळाची गच्च गुंडी बहुधा तेथे तशीच असते. बाहेरचे माध्यम कोरडे दिसते आणि ही गुंडी आठवडाभर ओली राहते. ती हलक्या हाताने काढून टाकावी. भेटवस्तू म्हणून येणाऱ्या चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीला तळाला छिद्र नसते, तेही तपासावे.

सर्वच मुळे गेलेले रोप आले तर ते परत करावे. परत करणे शक्य नसेल तर जेमतेम ओलसर, पिळून घेतलेल्या शेवाळासह पारदर्शक पिशवीत, सावलीत २५ ते २८ अंशांत ठेवावे. पिशवीत थेंब साचू देऊ नयेत आणि दोन दिवसांआड हवा द्यावी. काही आठवड्यांत नवी मुळे दिसू शकतात. डेंड्रोबियमची पानगळ झालेली निरोगी कांडी ओल्या शेवाळावर आडवी ठेवली तर तिच्या पेऱ्यांवर पिल्ले फुटतात. त्यांना ऑर्किड-व्यवहारात ‘केकी’ म्हणतात. हवाई बेटांवरील भाषेत त्या शब्दाचा अर्थ मूल असा आहे.

पहिले पंचेचाळीस दिवस

नवी रोपे जुन्या रोपांपासून किमान चार आठवडे वेगळी ठेवावीत. पानांच्या मागील बाजूस व बेचक्यांत खवले कीड आणि पिठ्या ढेकूण दडलेले असतात. गोगलगाई व त्यांची अंडी माध्यमातून येतात. दर चार दिवसांनी भिंग घेऊन पाहावे. किडी थोड्या असतील तर ओल्या फडक्याने पुसून काढणे पुरेसे होते.

पहिले तीन आठवडे ७५ टक्के किंवा त्याहून अधिक सावली द्यावी. पुढे डेंड्रोबियमला किनारी भागात ५० टक्के जाळीखाली न्यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र ७५ टक्के कायम ठेवावी. तोकडी मुळे असलेल्या रोपाला वाचवते ती हवेतली ओल. ६० ते ८० टक्के आर्द्रता राखण्यासाठी रोपांखाली विटांचा थर करून तो दिवसातून दोन-तीनदा भिजवावा. कुंडी कोरडी आणि हवा ओली, असा हा काळ असतो. नवशिक्याकडून बहुधा याच्या नेमके उलटे घडते.

पाणी सकाळीच द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानांचे बेचके सुकतात. कूपनलिकेच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून घ्यावी. ती ०.५ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असावी आणि सामू ५.५ ते ६.५ असावा. दख्खनच्या बऱ्याच भागांत कूपनलिकेचे पाणी ही कसोटी पार करत नाही. कुंडीवर पांढरे पापुद्रे आणि मुळांची टोके काळी पडणे ही त्याची लक्षणे. अशा ठिकाणी छपरावरचे पावसाचे पाणी साठवणे, किंवा कूपनलिकेच्या पाण्यात ते मिसळणे, हाच व्यवहार्य उपाय आहे. पन्नास-शंभर रोपांना लागणारे पाणी फार नसते.

खत द्यायचे ते नव्या मुळाचे हिरवे टोक दोन-तीन सेंटिमीटर वाढल्यावरच. सुरुवातीस १९:१९:१९ हे विद्राव्य खत प्रतिलिटर अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. रोप रुजल्यावर एक ग्रॅमपर्यंत. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने माध्यम भरपूर धुऊन काढावे.

रोग आणि विषाणू

पाणथळ, दुर्गंधी येणारा आणि झपाट्याने पसरणारा डाग जिवाणूजन्य कुजीचा असतो. बुंध्याकडून वर सरकणारा काळा डाग काळ्या कुजीचा. दोन्हींत बाधित भागाच्या खाली, निरोगी ऊतीतून कापून टाकावे, पाणी तोडावे आणि हवा खेळती करावी. औषध कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे व लेबलवरील प्रमाणातच वापरावे. डेंड्रोबियमवर ताम्रयुक्त बुरशीनाशके सरसकट फवारू नयेत. कोवळ्या फुटव्यांना त्यांची इजा होते.

विषाणूंवर मात्र औषध नाही. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लोसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या ऑर्किडांत आढळतात आणि मुख्यतः कापण्याच्या हत्यारांतून पसरतात. कात्री प्रत्येक रोपानंतर तापवण्याचे कारण हेच. पानांवर फिकट-गर्द पट्टे, खोलगट काळसर रेषा किंवा वलये, फुलांवर रंगतुटीचे चट्टे दिसल्यास रोप वेगळे काढून तपासणी करून घ्यावी. अनेकदा बाधित रोप लक्षणेच दाखवत नाही. म्हणून दोनशे रोपे मागवण्यापूर्वी दहा मागवावीत, त्यांतील दोन-तीनांची पाने प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत आणि उरलेली मागणी पुढच्या हंगामावर टाकावी. सवलतीची मुदत संपते आहे, असे सांगून कोणी घाई करत असेल तर ती सवलत सोडून द्यावी.

रोपे खराब आली तर त्याच दिवशी विक्रेत्याला चित्रफितीसह लेखी कळवावे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार संकेतस्थळाने तक्रार अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. समाजमाध्यमांवरील गटांतून, पावतीशिवाय केलेल्या खरेदीत मात्र हे सारे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून पावती असेल तेथूनच घ्यावे.

पहिल्या वर्षी लहान रोपाला लवकर फुलदांडा येतो तेव्हा फार आनंद होतो. डेंड्रोबियममध्ये तो दांडा बोटभर असतानाच खुडून टाकावा, आणि मुळे कुंडीच्या कडेपर्यंत पोहोचल्यानंतर येणारा पुढचा दांडा ठेवावा.